चालू औषधे: काही नाहीत

सोम. १२ जाने.
बाबाला घेऊन कॅम्प २ ला, हार्टच्या डॉक्टरांकडे. तीन तास बसलो. बाकाखाली कुणीतरी पान थुंकलेलं, वर लोक वडापाव खातायत. शी. डॉ. म्हणाले, हृदयाच्या भिंती जाड दिसतायत. मनगटात नस दबून मुंग्या यायच्या म्हणून दोन्ही हातांचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. अमायलॉइड असू शकतं. एक चिवट प्रोटीन आधी मनगटात, मग हृदयात साचत जातं. आधी रक्त बघू, ट्रोपोनिन आणि प्रोबीएनपी, हृदयाला ताण पडला की दोन्ही वाढतात. मग मुंबईला स्कॅन. लवकर धरलं तर औषधाने थोपवता येतं. स्कॅनची तारीख २३ ची मिळाली.
मोठ्या काकाचंही आधी हात, मग दम, मग गेलाच. आम्ही 'हार्टफेल' म्हणून मोकळे झालो.

मंगळ. १३
रक्त मीच काढलं, आमच्याच लॅबमध्ये. बारा वर्षं अंबरनाथ वेस्टला हेच करतेय. फॉर्मही मीच भरला, घाईत. सॅम्पल ठाण्याला.

गुरु. १५
दोन्ही नॉर्मल! डॉ. फोनवर म्हणाले, "आश्चर्य आहे. पण मग स्कॅनची घाई नको." नितीनने लगेच स्कॅनची अपॉइंटमेंट रद्द केली आणि अख्ख्या बुवापाड्यात पेढे वाटले. मला म्हणतो, "तुमी लॅबवाले फुकट टेन्शन देता." धाकटा भाऊ आहे म्हणून ऐकून घेतलं. पेढे मात्र दोन खाल्ले.

रवि. १८
बदलापूरला आतेभावाची हळद. डीजेने छाती हादरत होती. नितीनने बाबाला नाचायला ओढलं. "चल बाबा, रिपोर्ट नॉर्मल हाय तुझा." दोन मिनिटांत बाबा खुर्चीत, ओठ निळे. कुणी पाणी देईना, मोबाईलवर शूटिंग चालू. एकाने त्याच्या मांडीवर मटणाची प्लेट ठेवली. नितीन हळदीने माखलेला, तोंडाला दारूचा वास. "ॲसिडिटी हाय." सख्खा भाऊ, पण ओकारी आली मला त्याची.
नॉर्मल असेल तर हे काय होतं?

सोम. १९
केस गळतात म्हणून मी गोळ्या आणल्या होत्या. आज डब्यात बघितलं तर पट्टी संपलेली. आई म्हणाली, "तुज्या बाला देतंय रोज. हाताना मुंग्या येतान ना त्याच्या. इटामिनच हाय."
बायोटिन. रक्तात जास्त असलं की काही मशीनवर हे दोन्ही आकडे खोटे कमी येतात. माझ्या टेबलासमोर कागदच चिकटवलाय तसा. येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, कुठली गोळी चालू? केसांची, नखांची?
लॅबमध्ये जाऊन फॉर्म काढला. चालू औषधे: काही नाहीत. अक्षर माझं. विचारलंच नव्हतं. माझाच बाप, काय खातो ते मला माहीत आहे, असं धरून चालले. काल दिवसभर नितीनला शिव्या घातल्या. आज स्वतःची शिसारी येतेय.

मंगळ. २०
डॉ. ना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "गोळी बंद. आठवड्याने पुन्हा रक्त. स्कॅनची तारीख घेऊन ठेवा." घेतली. मार्च. रद्द केलेली या शुक्रवारची होती.
नितीनचं वेगळंच. "पेढे वाटलेत मी. आता लोकांना काय सांगू?"

बुध. २८
बाबाला लॅबच्या खुर्चीत बसवलं, इतर पेशंटसारखं. फॉर्म पुढ्यात घेतला.
"बाबा, कुठली गोळी चालू?"
"ती केसांची बंद केलीस ना. दुसरी नाय."
"आणखी काही त्रास?"
बाबा टेस्टट्यूबच्या स्टँडकडे बघत म्हणाला, "झोपताना तीन उशा लागतान. आडवा झालो का दम कोंडतो. दिवालीपासना."
"बोलला का नाहीस?"
"तू इचारलास कंदी?"
हाताला पट्टा बांधला. शीर लगेच मिळाली. फॉर्मवर जागा पुरली नाही, तीन उशांचं मागच्या बाजूला लिहिलं. रिपोर्ट शुक्रवारी.