पुढच्या खोलीला शटर

अहो,

मी प्राची मॅडमसोबत शटर पाहायला यवतमाळला चालले आहे, पाचपर्यंत येते. कशाचं शटर, ते सांगते.

घराचा नकाशा काढणाऱ्या प्राची मॅडम आणि आपले ठेकेदार हबीबभाई आजवर वेगवेगळे यायचे आणि वेगवेगळंच सांगून जायचे. म्हणून काल मी दोघांनाही एकाच वेळी चहाला बोलावलं. स्वयंपाकघर मोठं करायचं म्हणून मॅडमनी मधल्या भिंतीवर खूण केली, तसा हबीबभाईंनी कप खाली ठेवला. "मॅडम, ह्या भिंतीले कायले हात लावता? सारा स्लॅब हिच्यावरच उभा हाय!" मॅडम स्टुलावर चढल्या, स्लॅब पेलणारा बीम शोधला, तो सापडलाच नाही. उतरून हसतच म्हणाल्या, "बरं झालं, तोडायच्या आधीच भेटलो."

मग मीच म्हटलं, स्वयंपाकघर आहे तेवढंच राहू द्या, पुढची खोली रस्त्याकडे उघडा. तिथं तुमचं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान होईल. तुमच्यासारखा फिटर अख्ख्या दारव्ह्यात आहे का दुसरा? हबीबभाई तर त्यांचा बंद पडलेला पंप आत्ताच अंगणात ठेवून गेले.

तुम्हाला न विचारता हो म्हटलं, रागावू नका. जिनिंगात यंदा कापूसच आला नाही आणि तुमचं काम थांबलं, हे मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. उद्यापासून डबा घेऊन बसस्टँडवर बसायला जाऊ नका. घरीच गरम जेवा.

रजनी