क्षयाचे गणित आणि सुंदराबाईंची खुर्ची

४ जानेवारी
आमच्या वृद्धाश्रमातील रतनरावांना क्षयरोग निघाला. औषधे सुरू झाली, खोली वेगळी केली. डॉ. श्रुतिका म्हणाल्या, सगळ्यांचे एक्स-रे काढा, खिडक्या उघड्या ठेवा. एवढ्यावर थांबणे व्यवस्थापकास शोभत नाही. बी.कॉम.ला सांख्यिकीत मी वर्गात पहिला होतो. रोग कोणाकडून कोणाकडे जाईल, याचे मॉडेल एक्सेलमध्ये मांडण्याचा संकल्प.

६ जानेवारी
तपासणीची यादी पूर्ण. रकाने दोन: रहिवासी आणि कर्मचारी. व्यवस्थापन दोन्हींत बसत नाही. रतनराव रोज दुपारी माझ्या केबिनमध्ये पेपर वाचत. तो संपर्क कार्यालयीन असल्याने धरलेला नाही.

९ जानेवारी, सायंकाळ
हॉलमध्ये मॉडेल समजावले. उपस्थिती सक्तीची, एसी सुरू, खिडक्या बंद. मदतनीस चंपा म्हणाली, साहेब, किती खोकताय, खिडकी तरी उघडा ना. आरे कॉलनीकडून धूळ येते, हे तिला सांगितले. खोकला धुळीचाच आहे.

१२ जानेवारी
निकाल: सर्वाधिक धोका सुंदराबाई. वय, आणि रतनरावांबरोबर रोजचा कॅरम. त्यांचा एक्स-रे स्वच्छ आहे. परंतु एक्स-रे हे एका दिवसाचे चित्र, मॉडेल भविष्य पाहते. रविवारी घाटकोपरला त्यांची नात मनाली हिचे लग्न. परवानगी नाकारली. बाई म्हणाल्या, अरे, जन्मली तेव्हा पहिली मी घेतली तिला हातात. तोंड बांधून लांब बसते, पण जाऊ दे. डॉ. श्रुतिकाही म्हणाल्या, जाऊ द्या त्यांना. डॉक्टर भावनिक आहेत.

१८ जानेवारी, रविवार
संस्थेतर्फे मीच गेलो. पहिल्या रांगेत आजीसाठी खुर्ची राखलेली. रिकामी वाईट दिसेल म्हणून बसलो. बुद्धवंदना चालू असताना खोकल्यामुळे दोनदा उठावे लागले. मनालीने विचारले, आजी का नाही आली? संसर्ग म्हणजे काय, हे तिला थोडक्यात समजावले. स्पीकरचा आवाज फार, म्हणून अगदी कानाशी जाऊन.

२३ जानेवारी
पँट सैल झाली. पथ्य लागू पडले. संध्याकाळी कणकण, ती दगदगीची. चंपाने केबिनची खिडकी न विचारता उघडली. मेमो द्यावा लागेल.

२७ जानेवारी
रुमालावर रक्त. मी कोणाला सांगणार नव्हतो, चंपाने पाहिले.

३० जानेवारी
थुंकी पॉझिटिव्ह. डॉ. श्रुतिकांनी विचारले, कोणाकोणाजवळ बसलात? हॉलमधली हजेरी सांगितली. मग म्हणालो, एक लग्नही. त्यांनी लग्नाची तारीख लिहून घेतली.
मनालीला फोन मीच केला. तिने आधी विचारले, आजीला झालं का? म्हणालो, नाही, मला. ती म्हणाली, मग अडवलं कोणाला?
तिला एक्स-रे काढून घ्यायला सांगितले.

४ फेब्रुवारी, बोरिवली
घरी आहे. औषधे सुरू. खिडकी उघडी. मनालीचा एक्स-रे ठीक, पण लक्ष ठेवावे लागेल. मॉडेलमध्ये माझे नाव घातले. सुंदराबाई एकदम तळाशी गेल्या.
क्षमा मागण्यासाठी आश्रमात फोन केला. वाक्ये आधी लिहून घेतली होती. चंपा म्हणाली, थांबा हां, आजी मोबाइलवर लग्नाचे फोटो बघतायत. मागून सुंदराबाईंचा आवाज येत होता: सरकव गं, इथे साहेब आहे. पुढचा. इथेपण साहेबच. अजून पुढचा बघ, एखाद्यात तरी नुसती पोरगी असेल.
फोटो बरेच असावेत. मी फोन ठेवला.