देवाच्या डब्यातला तांदूळ

६ ऑगस्ट १९७२, रविवार

भाकरी पुन्हा मोडली! तव्यावर टाकताना मधोमध. रेशनची लाल मिलो, पिठाला विरी म्हणून नाही. थापायला घेतली की कडा फाटतात, उचलली की पोट फाटतं. शेजारची लंकाबाई दारातूनच बघत होती. म्हणाली, "मास्तर, आधनाचं पानी घाला. गार पान्यात मिलू जुळत न्हाई." हे तीन महिने आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

यशयानं तुकडे ताटलीत गोळा केले आणि हात जोडून बसला. प्रार्थनेशिवाय घास घेत नाही, त्याच्या आईनं, मेरीनं लावलेली सवय. "पभू, भाकलीबद्दल आभाल." तीन वर्षांचं पोर. डोळे गच्च मिटलेले. मी उघडे ठेवले. कसले आभार? मे महिन्यात देवानं तिला नेलं, मग पाऊस नेला आणि बदल्यात ही परदेशातली लाल ज्वारी पाठवली.

दया अजून पदर शोधते. नऊ महिन्यांची पोर, अंगावर पिणारी. मांडीवर घेतलं की माझ्या सदऱ्याला तोंड लावते. काही मिळत नाही, मग माझ्याकडे अशी बघते की मीच लपवून ठेवलंय. लंकाबाईच्या शेळीचं दूध वाटीनं पाजलं, निम्मं मानेवरून खाली.

९ ऑगस्ट

आज शाळेत हेडमास्तर म्हणाले, "शांतवनराव, घरात बाईमाणूस आणा. पुरुषाच्या हातानं लेकरं वाढत नसतात."

यांची स्वतःची मुलं कितवीत आहेत, ते विचारायला हवं होतं. सुचलं नाही. घरी येताना सुचलं.

१३ ऑगस्ट, रविवार

तांदूळ सापडला!

फळीवर अगदी मागे, मिठाच्या बरणीच्या आड एक पत्र्याचा डबा. उघडला तर तांदूळ, गळ्यापर्यंत. आमच्याकडे तांदूळ म्हणजे सणाला, नाहीतर आजाऱ्याला. रेशनवर आला तरी मेरी शिजवायची नाही. मी विचारलं की म्हणायची, "असू द्या, लागेल." आज कळलं कशाला. पोरगी अन्नाला लागेल तेव्हासाठी ठेवलेला! आपण नसणार हे काय तिला ठाऊक होतं? पण ठेवला तिनं.

गुरगुट्या भात केला. एकदा लागला, दुसऱ्यांदा जमला. पळीनं घोटून घोटून पातळ केला, चिमूटभर मीठ. दयाच्या ओठाला लावला तर तोंड मिटलं. जीभ बाहेर काढून सगळा परत. मी चिडलो. शेवटी यशया समोर बसला, घासावर फू फू केलं आणि स्वतःच मोठा आ केला. ती त्याच्या तोंडात बघत राहिली आणि तिनंही केला. घास आत गेला!

वाटीभर खाल्लं. मग दोघांनी मिळून भांडं खरवडलं. मी चुलीपुढे बसून रडलो. बरं वाटलं.

२० ऑगस्ट

लंकाबाई: "लेकराच्या गालावर मांस आलं की वो मास्तर." शाळेच्या वेळात दयाला तीच सांभाळते. दिवसभर वर्गात उगाच हसत होतो.

३ सप्टेंबर, रविवार

भाकरी फुगली. कागदावर लिहून ठेवावं असं काही आयुष्यात घडत नाही, हे घडलं. उकळतं पाणी, पीठ तळव्यानं रगडायचं, हात चालू ठेवायचा, विचार करायचा नाही. विचार केला की फाटते.

यशयाला वरचा मऊ पापुद्रा दुधात कुस्करून दिला. दया तिचा भात खाते, पण अर्धं लक्ष त्याच्या ताटलीत. शेवटी मी ताटली एकच केली. त्याचा पापुद्रा, तिचा भात, मधे माझी बोटं. तो तिला भरवतो, ती त्याचं बोट चावते. ओरडतो, पण हात काढून घेत नाही. लंकाबाईच्या हातून काही केल्या खात नाही पोरगी. माझ्या नाहीतर त्याच्या. मला त्याचा लबाड आनंद होतो.

८ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई आल्या नगरहून. आल्या आल्या दयाला उचललं, पोटाशी धरलं, सगळं अंग चाचपलं. "बरी आहे की," म्हणाल्या. खराब असेल अशा तयारीनंच आल्या होत्या.

मग स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरचा डबा काढला. हलवून बघितला.

"यातला तांदूळ?"

मी म्हणालो, दयाला घालतो. आनंदानं सांगितलं मी! मूर्खासारखा.

त्या खाली बसल्या.

आमच्या ख्रिस्ती बायका स्वयंपाकाला बसताना आधी एक मूठ देवाची बाजूला काढतात आणि मग ती देवळात नेऊन देतात. लहानपणापासून बघतो मी. माझी आई ज्वारीची मूठ काढायची, उंबऱ्याजवळच्या मडक्यात. मेरीची मूठ कुठल्या डब्यात पडते हे मी कधी बघितलं? स्वयंपाकघरात जेवायला जायचो फक्त. ती तांदळाची काढायची, याच डब्यात, हे आज सासूबाईंकडून कळलं. आपण ज्वारी खायची आणि देवाला तांदूळ द्यायचा. आजारी पडल्यापासून पोचवायचं राहून गेलं होतं.

"पुढच्या रविवारी देवळात कापणीचा सण आहे," सासूबाई म्हणाल्या. "शेतात काही नसलं तरी सण आहे. माझ्या मुलीची शेवटची मूठ मला वाहायची होती."

"तुमच्या नातीनं खाल्ली."

"देवाच्या पुढ्यातलं काढून?"

"देवाला काय दात आलेत? हिला आलेत."

बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळच्या एसटीनं गेल्या, पाणीसुद्धा न पिता.

मला वाईट कशाचं वाटतंय ते लिहितो, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. देवाचं खाल्लं याचं नाही. तो तांदूळ दयासाठी नव्हता, याचं. दोन महिने मी रोज त्या डब्यात हात घालत होतो आणि मनात म्हणत होतो, मेरीनं केवढी आठवण ठेवली. ठेवली होती, पण देवाची.

११ ऑक्टोबर

रेशनचा तांदूळ आला. होता तेवढा सगळा त्या डब्यात ओतला, वर फडकं बांधलं आणि नगरला जाणाऱ्या पाळकांबरोबर सासूबाईंकडे पाठवून दिला. घ्या म्हणावं. कोणाचं ठेवून घेणारा नाही मी.

दयाला आजपासून मिलोची आंबील. गावातली सगळी लेकरं तेच खातात. ही काय राजाची लेक लागून गेली?

१२ ऑक्टोबर

आंबील खात नाही. यशयानं आ करून दाखवला, स्वतः खाऊन दाखवली. त्यालाही गिळवेना. तरी "गोड हाय" म्हणाला तिला.

१४ ऑक्टोबर

दयाला जुलाब. रात्रभर झोळी धुतोय.

१५ ऑक्टोबर, रविवार

डोळे आत गेलेत. रडते, पण आवाज नाही.

लंकाबाई म्हणाली, "आंबील बंद करा. भाताची पेज पाजा, पानी पानी. पोट धरंल." मी फळीकडे बघितलं. "मास्तर, तांदूळ हाय ना घरात?"

नाही. नगरला आहे. आज कापणीचा सण, देवळात वाहिला असेल आत्तापर्यंत.

वाटी घेऊन गावात निघालो. मास्तर असून दारोदार. कोणाकडे नव्हता, ज्यांच्याकडे असेल ते नाही म्हणाले. लेकरं त्यांनाही आहेत. छबूबाई कोतवालणीनं पुडीभर दिला, बाळंतिणीसाठी ठेवलेल्यातला. पेज केली. घाईघाईत निम्मी चुलीत सांडली. चमच्यानं थेंब थेंब पाजली. यशया भिंतीला टेकून बसलेला, फू करत होता. पेज केव्हाच गार झाली होती.

माझ्या ताठ्यापायी पोर मेलं असतं. हे मी लिहितोय, पण वाचून बघवत नाहीये.

१७ ऑक्टोबर

नेवाशाच्या डॉक्टरांनी सुया दिल्या. जुलाब थांबले. पोरगी काडी झाली आहे.

१९ ऑक्टोबर

सासूबाई आल्या. कोणी कळवलं कोण जाणे. दयाला उचलून पदरात घेतलं. मग लंकाबाईनं सगळं सांगितलं. मी असताना, माझ्यासमोर.

"तांदूळ देवाला पाठवला आणि पोरीला मिलो घातली?"

"तुम्हीच मागितला होता."

"मी मेरीच्या हातची मूठ मागितली होती. तुमची मला काय करायची? मी रागात बोलले, जावईबापू. देवानं नव्हता मागितला."

आज हेडमास्तर इथं असते तर खूश झाले असते.

"माझी मुलगी गेली," त्या म्हणाल्या, "तिची मुलगी तरी वाचू द्या." रागानं म्हणाल्या असत्या तर मी भांडलो असतो. विनवत होत्या.

दयाला घेऊन गेल्या. यशयाला म्हणालो, आजीकडे दूध आहे, दया दूध पिऊन मोठी होऊन येईल. त्यानं विचारलं, "आ कोन कलनाल?"

२ नोव्हेंबर

यशया ताटलीच्या कडेला एक घास ठेवतो. "ते दयाचं." जेवण झाल्यावर मी तो उचलला तर घर डोक्यावर घेतलं. आता तसाच ठेवतो. मुंग्या येतात.

१९ नोव्हेंबर, रविवार

लंकाबाईनं शेळी विकली. चारा नाही. ती आणि तिची सून दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. यशया शाळेत माझ्या खुर्चीखाली बसतो. दुपारी पोरांबरोबर शाळेत वाटलेली सुकडी खातो. खरजेनं हात भरलेत त्याचे.

३ डिसेंबर

विहिरीनं तळ दाखवला. टँकर येईल म्हणतात.

भाकरी सुरेख होतात आता माझ्या. गोल, पातळ. दोघंच खाणारे.

२४ डिसेंबर, रविवार. नगर

नाताळसाठी आलो. खरं कारण ते नाही, दयाला न्यायला आलो आहे. वाटेत सगळं पाठ करून ठेवलं. म्हणायचं, बाप मी आहे. म्हणायचं, चूक एकदा झाली. म्हणायचं, आता स्वयंपाक तुमच्याइतका येतो मला.

दया भिंतीला धरून चालते! गाल वर आलेत. मला बघून सासूबाईंच्या पातळात तोंड लपवलं.

२५ डिसेंबर, नाताळ. नगर

देवळातून आलो, जेवायला बसलो. भात, रस्सा, करंज्या. कुठून कुठून जमवलं होतं बाईंनी. मी दयाला मांडीवर घेतलं, भात रश्शात कालवला, मऊ केला, तिखट नसलेलाच भाग घेतला. अगदी मेरीसारखा. घास पुढे केला.

तोंड फिरवलं. पुन्हा केला. रडायला लागली, हात आजीकडे. दोन महिने फक्त. सदऱ्याला तोंड लावणारी पोर, तिला माझा वासही ओळखू येईना. सगळे बघत होते. घास माझ्या हातात तसाच.

यशया उठला. आपली ताटली घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसला. घासावर फू केलं आणि मोठा आ केला.

ती रडायची थांबली. खूप वेळ त्याच्या तोंडात बघितलं आणि तोंड उघडलं. सगळा भात त्याच्या हातून खाल्ला, त्याची खरजेची बोटं चाटली, आणि हसली. मध्येच थांबून त्यानं हात जोडले, प्रार्थना राहिली म्हणून. तिनंही जोडले. हे तिला इथं कोणी तरी शिकवलं होतं.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता टोमणा. तर म्हणाल्या, "न्यायची असेल तर न्या, मी अडवणार नाही. पण या दोघांना आता वेगळं करू नका. तिथं तर तिथं, इथं तर इथं."

मी पाठ केलेलं सगळं म्हणायला काही हरकत नव्हती. बाप मी आहे, हेही खरं होतं. पण गावी काय आहे ते मला ठाऊक आहे. टँकरचं पाणी आहे. मिलो आहे. शेळी नाही, सांभाळायला कोणी नाही. आणि माझा ताठा आहे. तो पुन्हा कधी उसळेल, त्याची खात्री मी कोणाला देऊ?

रस्सा छान झाला होता.

२६ डिसेंबर

यशयालाही तिथंच ठेवून आलो.

निघालो तेव्हा तो दयाला भरवत होता. त्यानं वर बघितलं नाही. मी हाक मारली नाही.