बेच्चेच्या अंगणात माझं घर

माझा धाकटा भाऊ लाबाको यास थोरली बहीण हातिजा हिचा डोंगरावरून सलाम. तू, तुझी बायको आणि तिकडे मलेशियात झालेली सगळी पोरं अल्लाच्या कृपेनं धडधाकट असाल. तुझे नवे दात बसले का? बसले असतील तर जेवतानाही लावत जा, नुसते फोटोपुरते लावू नकोस. मागच्या ईदच्या फोटोत तू गावप्रमुखापेक्षा रुबाबदार दिसतोस, पण हसलास तिथं घोडा झालास. माझं म्हणशील तर गुडघे होते तिथंच आहेत. वीज असते आणि नसते (ओढ्यावरच्या जनित्रात पाला अडकला की गाव अंधारात, आणि भाताची गिरणी सुरू झाली की उरलासुरला उजेड गिरणीवाल्याच्या घरात). नर्सबाई मोटारसायकलवरून येते, पूल जागेवर असेल तेव्हा.

फोन का केला नाही म्हणशील. फोनला रेंज मिळते ती फक्त मशिदीमागच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की. या वयात टाकीवर चढायचं, आणि वरून भावाशी बोलायला लागलं की खाली सगळं गाव कामं टाकून ऐकत बसतं. मागं मी तुझ्या मूळव्याधीची चौकशी केली, तर दुसऱ्या दिवशी तीन बायका पाला घेऊन दारात. म्हणून हे पत्र. कॉफीच्या ट्रकवाल्याकडे दिलं आहे, तो बंदरावर देईल. उशिरा पोचलं तर त्याला शिव्या दे, मला नको.

तर झालं असं. ओढ्यानं यंदा खालचा काठ एवढा खाल्ला की माझ्या घराचे मागचे खांब जवळजवळ पाण्यात पाय सोडून बसले. माझा मप्पा म्हणाला, आई, लाकडाचंच तर घर, आहे तसं खांबांसकट खांद्यावर उचलून वर नेऊ, मामाच्या रिकाम्या जागेत, आमच्या शेजारी. मामा म्हणजे तू. (तुला विचारलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही विचारलं नव्हतं.) माझी सून रोसमिनी तर हरखलीच. म्हणाली, आई, वर आलात की तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही, नुसतं बसायचं. माणसाला असं कोणी बोलतं का? तिच्या हातचं जेवण तू खाल्लेलं नाहीस. नर्सबाईनं एकदा मिरची कमी करा म्हटलं, तेव्हापासून त्या घरात मिरची पाहुण्यासारखी येते, दारातून डोकावते आणि जाते. आणि तुझी ती जागा! समोर धुकं, मागं धुकं, वाटेनं चुकून बकरी गेली तर गेली.

पण घर उचलायचं ठरलं. गावातले अर्धे दांडगे पुरुष तुझ्याकडे मलेशियात पाम तेलाच्या मळ्यात, उरले ते माझ्या वयाचे, म्हणून पलीकडच्या गावातून माणसं बोलावली. सगळ्यांना जेवण माझ्याकडे. खांबांना आडवे बांबू बांधले, घराच्या नाभीच्या, म्हणजे मधल्या मुख्य खांबाला पांढरं कापड गुंडाळलं, नारळ आणि गूळ बांधला, सगळं रीतसर. सामान बाहेर काढा म्हणाले, मी काढलं. मला बाहेर निघा म्हणाले, मी नाही निघाले. माझी लोणच्याची बरणी माळ्यावर होती आणि ती मी पलीकडच्या गावच्या माणसांच्या भरवशावर सोडणार नव्हते. बसले आतच, गुपचूप, तीन कोंबड्यांना मांडीवर घेऊन. गावप्रमुखानं मशिदीचा भोंगा आणला होता. तो एक, दोन, तीन म्हणणार, तीनला उचलायचं. पुढच्यांनी दोनलाच उचललं. मी आणि कोंबड्या घरंगळत स्वयंपाकघरात. खालून कोणी तरी म्हणालं, रिकाम्या घराचं एवढं वजन कसं, तर एक कोंबडी ओरडली आणि माझं बिंग फुटलं. पण तोवर घर खांद्यावर होतं, खाली ठेवून मला उतरवणार कोण? गेलो तसेच. खिडकीतून सगळं गाव माझ्याबरोबर हलताना पाहिलं. सांगते तुला, लग्नाच्या वरातीतसुद्धा मला एवढी मजा आली नव्हती.

अर्ध्या चढावर डाव्या बाजूचा एक बांबू कडाडला. सगळे एकदम आरडाओरडा करायला लागले आणि जवळ एकच सपाट जागा होती. कोणाची? बेच्चेची. त्याच बेच्चेची, जिनं आपल्या चुलतभावाच्या, इद्रिसच्या लग्नात साऱ्या पंगतीसमोर माझा केळीच्या पानात शिजवलेला बुरासा उलगडून, आतला नारळाचा भात बोटानं दाबून, आत कच्चा आहे असं जाहीर केलं होतं. (कच्चा नव्हता. तू खाल्ला होतास, तू साक्षीदार आहेस.) तिच्या कॉफी वाळवायच्या अंगणात माझं घर बसलं, तिच्या खिडकीला खिडकी लावून. ती बाहेर आली, हातात कॉफी पाखडायचं सूप. घराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हातिजा, मला भेटायला यायचं होतं तर एकटी आली असतीस. घर कशाला आणलंस?"

माणसं घामानं निथळत होती, बांबू बदलायला वेळ लागणार होता. म्हणून मी त्यांना कॉफी करावी म्हणून चूल पेटवली. चुकून. धूर वर गेला आणि घराचा मुहूर्त बघणारा सान्रो, तो म्हातारा उपे, कपाळाला हात लावून खाली बसला. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, घर नव्या जागी टेकलं आणि चूल पेटली की घरानं जागा धरली. आता ते असं तसं उचलता येत नाही. मप्पा म्हणाला, एक बकरा कापू, मान्यता घेऊ, भातकापणी झाली की पुन्हा उचलू. सान्रो म्हणाला, बकरा चालेल. (त्याला बकरा कधी चालला नाही?) तेव्हा कापणी संपली की पुन्हा भोंगा, पुन्हा एक-दोन-तीन.

तोवर माझे काय हाल चालले आहेत ते ऐक. पहाटे डोळा उघडला की समोर बेच्चेचं तोंड. ती म्हणते, माझ्या घराची सावली तिच्या कॉफीवर पडते. मी म्हणते, तिची कॉफी मुळातच सावलीत उगवल्यासारखी लागते. मग ती आपली कॉफी माझ्या घराखाली पसरते, कारण तिथं पाऊस लागत नाही, आणि वर मलाच सांगते की तुझ्या कोंबड्या आवर. दुपारी ती मिरच्या वाटते ते मुद्दाम माझ्या खिडकीखाली, म्हणजे मला शिंका याव्यात. मी पण मासे भाजते ते वारा तिच्याकडे असेल तेव्हाच. काल तर हद्द झाली. वाटीभर मिरचीचा ठेचा खिडकीतून सरकवून म्हणाली, चाखून सांग, तुला चव कळते का ते तरी बघू. मी सगळा खाल्ला आणि बेचव आहे म्हणून सांगितलं. आज तिनं त्याहून जहाल पाठवला. तिची दोन्ही मुलं तिकडे तुमच्याकडेच आहेत, फोन करत नाहीत. म्हणून मला तिची कीव येते असं समजू नकोस. मी भांडताना तिला एक शब्द सोडत नाही. आणि गुडघ्यांचं म्हणशील तर दिवसातून वीसदा खिडकीशी उठून जावं लागतं, त्यामुळे हल्ली कुरकुरायला त्यांना सवड होत नाही.

असो. मप्पाला माझी काळजी वाटते, रोसमिनीनं वर माझ्यासाठी गादी घालून ठेवली आहे. सगळे चांगले आहेत. तुझ्या बायकोला सलाम, पोरांचे पापे. दात लावून जेव.

तुझी थोरली बहीण,
हातिजा

ता. क. आता कामाचं. वरची जागा तुझ्या नावावर आहे. गावप्रमुखाला एक कडक पत्र लिही की माझी जागा मी कोणाला देत नाही, मला तिथं लवंगा लावायच्या आहेत. रागानं लिही, मोठ्या अक्षरात, तो चौकात वाचून दाखवतो. मलाही त्यात चार शब्द सुनाव. मी रडेन, त्याची काळजी तू करू नकोस. कापणीच्या आत पोचलं पाहिजे.

दुसरा ता. क. चूल मी चुकून पेटवली असं वर लिहिलं आहे, ते तसंच राहू दे. कोणी विचारलं तर तूही तसंच सांग. मी सान्रोच्या भावकीतली, मला रीत माहीत नव्हती असं कोणाला पटणार नाही, पण म्हातारपण म्हटलं की लोक गप्प बसतात.

तिसरा ता. क. मी लिहिताना मोठ्यानं बोलत लिहिते, ते तुला माहीत आहे. बेच्चेनं खिडकीतून सगळं ऐकलं. म्हणते, लवंगा नको, त्या उंचीवर लवंग येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, लगेच पकडले जाल. तेव्हा त्या पत्रात लवंगांच्या जागी कॉफी लिही. रोपं ती देईल म्हणते.