पेटीची सायकल

कोळंब, ता. मालवण
१० नोव्हेंबर २०२४

चि. सत्यवान यास,
मथुराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून ही बया पत्रं का लिहायला लागली, असं म्हणत असशील. फोन हातात घेतला की हे समोर येऊन बसतात, आणि मला बोलायचंय ते यांच्याबद्दलच. उत्तर शेजारच्या सारिकाच्या नावावर पाठव, ती गुपचूप आणून देईल.

ओमकारने पुण्याहून यांना सायकल पाठवली. यांनी स्कूटर दोनदा लोकांच्या कुंपणात घातल्यावर लेकाने ती काढून घेतली आणि बदल्यात ही दिली. पुढे भलीमोठी लाकडी पेटी, जाड टायर. तांदळाचं पोतं आणि गॅसचा सिलिंडर एकदमच येतात. हे दिवसभर तिच्यावर. गिरणी, नारळ, मासे. घरी येऊन घोटभर पाणी प्यायले की परत बाहेर. आपली रीत तुला ठाऊक आहे, बाजाराला निघालेल्याने शेजाऱ्यांच्या दाराशी थांबून बाजारातून काय हाडूचा आसा काय म्हणून विचारायचं. पूर्वी हे दोन घरांत विचारायचे. आता पेटी मोठी, म्हणून अख्ख्या वाडीला विचारतात.

पण परवा सारिकाच्या सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांनी सुभद्राकाकूंकडे दिल्या आणि काकूंच्या साखरेच्या गोळ्या सारिकाकडे. काकूंनी रंग ओळखला म्हणून निभावलं. सगळे हसले, मला मात्र तेव्हापासून घास जात नाही. त्याआधी एकदा घराचं वळण सोडून आचऱ्याच्या रस्त्याला लागले होते. डॉक्टर म्हणतात, हे विसरणं वाढतच जाणार. सायकल राहू देऊ की काढून घेऊ? ते बाहेर गेले की मी नुसत्या दारापुढच्या खळ्यात फेऱ्या मारते. लवकर लिही.

तुझी,
मथुराताई


फोंडाघाट
१७ नोव्हेंबर २०२४

ती. मथुराताईस,
सत्यवानचा सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं आणि दोन गिऱ्हाइकांना भलतंच सामान बांधून दिलं. ताई, यात विचारायचं काय आहे? सायकलला कुलूप लाव आणि चावी तांदळाच्या डब्यात टाक. भावोजींचं मन मोडेल, कबूल. पण हंगाम सुरू झालाय, पर्यटकांच्या गाड्या त्या रस्त्याला कशा सुटतात ते तू रोज बघतेस. काही झालं तर ओमकार मलाच विचारील, की मामा, तू काय करत होतास. लहानपणी माझे भोवरे, गोट्या, फणसपोळीसुद्धा तू बिनदिक्कत कुलपात टाकायचीस. तेव्हा कधी मला विचारलं नाहीस.

काय केलंस ते कळव. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
सत्यवान


कोळंब
१ डिसेंबर २०२४

चि. सत्यवान यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं ऐकून कुलूप लावलं. यांनी ते हातात धरून उलटसुलट पाहिलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन चालत निघाले आणि दारोदार विचारत फिरले. तेव्हा हसले खरे, पण गोळ्यांच्या त्या प्रकारापासून वाडीने धसकाच घेतलाय. कोणी सामान सांगत नाही. सारिकाने मान हलवली, सुभद्राकाकूंनी पुढच्या वेळी सांगते म्हटलं. शेवटच्या घरापर्यंत हेच. परत आले, पायरीवर बसले आणि मला म्हणाले, लोकांका माझो राग इलो काय गो?

सत्यवान, मला त्या क्षणी तुझाही राग आला आणि स्वतःचा तर फारच. हा माणूस कधी कोणाच्या पैशाचा मिंधा नाही, कोणाच्या अध्यात नाही. लोकांचं काहीबाही आणून देण्यात त्याचा जीव, तेवढंही आम्ही काढून घेतलं. त्यानंतर जेवण नाही की धड झोप नाही. उठायचं, सायकल पुसायची, कुलूप ओढून बघायचं. काल मी चावी काढून दिली. यांना एवढा आनंद झाला की मला बघवेना.

आता पुन्हा माझ्या फेऱ्या सुरू. घंटी वाजली की जिवात जीव येतो. यांच्याबरोबर जावं म्हटलं तर मला सायकल येत नाही, आणि या वयात कोण शिकवणार?

तुझी,
मथुराताई


फोंडाघाट
१० डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलोय, म्हणून थोडक्यात लिहितो. दोघंही सामान बांधून इकडे या, वरची खोली रिकामी आहे. येणार नसाल तर मग तूच बस त्या पेटीत आणि वाट दाखव त्यांना! दुसरं काय सांगू?

माझ्या तोंडाकडे बघू नकोस, पोटात माया तीच आहे.

सत्यवान


कोळंब
२४ डिसेंबर २०२४

चि. सत्यवान यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू चिडून लिहिलंस, पण बसले मी पेटीत! खाली गोधडी घातली, पदर खोचला आणि बसले. पहिल्या दिवशी लाजेने मान वर केली नाही. पर्यटक पोरींनी फोटो काढले. सारिका तर हसून हसून दारातच बसली, पण तिनेच पहिल्यांदा गोळ्यांची चिठ्ठी माझ्या हातात दिली. आता दाराशी विचारतात हे, चिठ्ठ्या सांभाळते मी. वळण आलं की मी हात दाखवते. घरी जीव मुठीत धरून बसण्यापेक्षा हे बरं.

काल बाजारातून येताना यांनी कोळंबच्या पुलावर सायकल थांबवली. पुढचा रस्ता पाहिला, मागचा पाहिला. मग मला विचारलं, परक्या बाईला विचारावं तशा अदबीने, की बाई, तुमका खंय सोडू? मागे वळून तोंड दाखवलं, तरी ओळख नाही. काय सांगू मी? लग्नात नाव घेतलं तेवढंच, त्यानंतर उभ्या जन्मात यांचं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. पण दुसरा पत्ता कुठून आणू? मोठ्याने सांगितलं, मंगेश वायंगणकरांकडे.

त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, मंगेशाचा घर माका ठावक आसा, तेची घरकारीण वाट बघीत आसतली, बेगीन जाऊक व्हया. आणि जोरात पायडल मारायला लागले. मी पुढे बसून रडत होते, त्यांना माझी पाठच दिसत होती. हात दाखवायचं मला सुचलंच नाही. घरापर्यंत एकही वळण चुकलं नाही.

फोंडाघाटला आम्ही येत नाही, रागावू नकोस. लोभ आहेच, तो दोघांवर राहू दे.

तुझी,
मथुराताई