सुनंदाची मोरपंखी चादर

मंगळवार, संध्याकाळ

सुनंदा आज आमच्या कॉलेजात व्याख्यान देऊन गेली. एमएस्सीला आम्ही एकाच खोलीत राहायचो. आता ती लेझरच्या प्रयोगशाळेत, आणि मी इथं मुलांच्या जर्नलांवर सह्या करतेय. सत्काराची मोरपंखी चादर मीच आणली, तिच्या खांद्यावर घालायलाही मलाच सांगितलं.

ती म्हणाली, आर्गॉनचे सुटे अणू लेझरच्या झोतातून जवळजवळ कोरडेच सुटतात; तेच पुंजक्यात गोळा झाले, की सगळा प्रकाश पितात आणि फुटतात. माझी मुलं आ वासून ऐकत होती. माझी! पोटात दुखलं, दुसरा शब्द नाही. तिला अडवायचंच म्हणून उठले. "ऊर्जा तेवढीच ठेवून झोत जितका क्षणिक, तितका पुंजका जास्त पितो का?"

"न्हाय," ती लगेच म्हणाली. "झोत जरासा लांबला, तर पुंजक्याला फुगायला वेळ मिळतो. फुगला की जास्त पितो. मुलांनो, हॉस्टेलात हे मला हिनंच शिकवलंय की!"

टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. निघताना मी तिला म्हटलं, घरी पाहुणे आहेत. कुठले पाहुणे? ती चादर तशीच पांघरून स्टेशनला गेली. एकदा जरी अडखळली असती, तर तिला जेवायला घरी आणलं असतं.