मागांवरच्या खोलीतला गेमचा डबा

सोलापूर,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

चि. शिवराज,

आशीर्वाद. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र टाकतो आहे. उचलला असतास तरी हे फोनवर बोलता आलं नसतं. एका खोलीत आम्ही तिघं, बोललेलं सगळं सगळ्यांना ऐकू जातं.

इकडे ठीक. तुझ्या आईचे गुडघे दुखतात. खाली टॉवेलचे माग दोन पाळ्या चालू आहेत, दिवाळीची मागणी आहे. मी अजून जॉबरच. माग बिघडला की पहिली हाक मलाच.

संक्रांतीला तू वैष्णवीला पाठवलेला गेमचा डबा महिनाभर तापत होता. वीस मिनिटं खेळली की आतला पंखा ओरडायला लागायचा आणि डबा आपोआप बंद व्हायचा. तिचं कॉलेज सुटलं, हे आईने तुला कळवलं असेल. जिना चढताना तिला दम लागतो. दिवसभर घरात बसून त्या डब्यावर फुटबॉल खेळते. खेळता खेळता कोल्हापूरची एक मुलगी तिची मैत्रीण झाली आहे. दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नाही.

दसऱ्याला माग बंद होते, म्हणून उघडून बघायला घेतला. तुझी आई म्हणाली, "आज हत्यारांची पूजा झालीय, आज कशाला हात लावू नये." वैष्णवी म्हणाली, "अप्पा, हा माग न्हाय की. हातोडी ठेवा खाली." मी हातोडी घेतलीच नव्हती. घड्याळवाल्याकडून बारीक, चांदणीच्या तोंडाचा पेचकस मागून आणला होता.

झाकण काढलं तर पंखा दिसेना. त्यावर सुताच्या लवेचा जाड थर बसला होता. चिमटीत धरून ओढला तर अख्खा पट्टा हातात आला. राखाडी, मध्ये निळसर. श्रावणात आम्ही निळे टॉवेल काढले होते. वैष्णवी वाकून बघत होती. "नऊ महिन्यांत एवढं?" म्हणाली. मी म्हणालो, "पंखा हवा ओढतो ना, त्याच्याबरोबर येतं." मग तिला खोकला लागला आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

ती या खोलीत एकोणीस वर्षं आहे.

पुढे माझी चूक झाली. कानाकोपऱ्यातली लव निघेना, म्हणून डबा खाली नेला आणि माग झाडायच्या कॉम्प्रेसरची नळी त्याला लावली. सव्वीस वर्षं तसंच झाडतो. लोखंड सगळं सोसतं. हा एवढासा पंखा त्या वाऱ्याने असा गरगरला की एक पातं तुटून उडालं. आता डबा दोन मिनिटांतच बंद होतो. आई म्हणाली, "सांगितलं होतं, आज हात लावू नका." वैष्णवी नुसतं "जाऊ द्या अप्पा" म्हणाली. पूर्वी तिने माझ्याशी आठ दिवस अबोला धरला असता. हल्ली तिला भांडायलाही दम पुरत नाही.

भांडून गेलास त्या दिवशी तू म्हणाला होतास, ही खोली सोडा, पोरीला इथली हवा सोसत नाही. मी म्हणालो होतो, मी इथंच श्वास घेतोय, मेलो का? यंदा फेब्रुवारीत तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. तपासून झाल्यावर त्यांनी तिला आणि तुझ्या आईला बाहेर बसवलं आणि मला एकट्याला सांगितलं. फुप्फुसं खराब होत चालली आहेत. झालेलं नुकसान भरून निघायचं नाही, पण पुढचं अजून थांबवता येईल. मुलीला या हवेतून हलवा, उशीर करू नका.

बाहेर येऊन मी सांगितलं, साधा दमा आहे, औषधाने जाईल.

खोली नोकरीबरोबरची आहे, सोडली तर जायचं कुठं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. तू जे म्हणाला होतास तेच डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, म्हणून मी तो ट्रंकेत तळाशी ठेवला. आठ महिने तो तिथं आहे आणि ती वर त्याच हवेत. कागद सोबत जोडला आहे. त्यावरची तारीख वाच. तुझ्याकडे पुण्यात डॉक्टर विचारतील तेव्हा तीच सांग, माझी लाज राखू नकोस.

रविवारी ये. मी वैष्णवीला सांगितलं आहे की हा पंखा पुण्यातच बसवून मिळतो, दादाबरोबर चार दिवस तूही जा. ती लगेच तयार झाली. दोनच ड्रेस भरले आहेत. तू आलास की तुम्हा सगळ्यांसमोर मी तिला खरं सांगेन. आधी सांगितलं तर आईला सोडून ती निघायची नाही, तू समोर असलास तर ऐकेल. समोर बोलताना माझी जीभ अडली, तर तू सांग.

पंखा इथंही मिळतो. नव्या पेठेतल्या दुकानात मी काल हातात घेऊन बघितला.

खरं कळलं तरी चार दिवसांनी ती परत यायचं म्हणेल. आईही रडेल. घर रिकामं झाल्यावर कदाचित मीच फोन करून तुला म्हणेन, आणून सोड पोरीला. तो फोनही उचलू नकोस.

अप्पा